माहिती तंत्रज्ञान व व्यवसाय व्यवस्थापन : संयुक्त पदवी अभ्यासक्रम

व्यवहाराची नोंद, त्या नोंदींवर संगणकाने केलेली प्रक्रिया आणि तिच्या आधारे संस्थेत घेतले जाणारे निर्णय हे एकाच अभ्यासाचे भाग मानून रचलेला विद्यापीठीय पदवी अभ्यासक्रम. अमेरिकेत तो मुख्यतः मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टिम्स, तर जर्मन भाषक देशांत विर्टशाफ्ट्सइन्फोर्माटिक या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रात बी.बी.ए. सी.ए. (व्यवसाय प्रशासनाची संगणक उपयोजनासह पदवी), बी.सी.ए. व एम.सी.ए. (संगणक उपयोजनाची पदवी व पदव्युत्तर पदवी), पूर्वीची एम.सी.एम. (संगणक व्यवस्थापनाची पदव्युत्तर पदवी) आणि एम.बी.ए.मधील माहिती तंत्रज्ञान हे विशेषीकरण अशा अनेक नावांखाली तो विखुरलेला आहे. संगणकशास्त्राच्या केंद्रस्थानी गणनक्रिया असते आणि व्यवस्थापनशास्त्राच्या केंद्रस्थानी संघटना. या विषयाच्या केंद्रस्थानी व्यवहार असतो. दोन अर्धे विषय एकत्र बांधून तो तयार झाला, असे वर्णन अनेकदा केले जाते, परंतु त्याचा इतिहास आणि त्याची तांत्रिक बाजू पाहता ते पुरेसे वाटत नाही.

विषयाच्या उगमाबद्दल मतभेद आहेत. अमेरिकी परंपरेत मिनेसोटा विद्यापीठाला अग्रमान दिला जातो. तेथे गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने १९६८च्या सुमारास या विषयाचे औपचारिक पदव्युत्तर शिक्षण सुरू झाले, आणि त्यांच्या १९७४च्या पाठ्यग्रंथाने विषयाची चौकट बऱ्याच अंशी ठरवून दिली. स्कँडिनेव्हियातील अभ्यासक मात्र साब या विमान कंपनीतून विद्यापीठात आलेल्या बर्ये लांगफोर्स यांच्याकडे बोट दाखवतात. १९६०च्या दशकाच्या मध्यावर स्टॉकहोम येथे प्रशासकीय माहितीप्रक्रियेसाठी त्यांची प्राध्यापकपदी नेमणूक झाली आणि १९६६मध्ये माहितीप्रणालींच्या सैद्धांतिक विश्लेषणावरील त्यांचा ग्रंथ निघाला. जर्मन परंपरेत एर्विन ग्रोख्ला यांनी १९६३मध्ये कोलोन येथे काढलेली संघटन व स्वयंचलन या विषयाची संस्था महत्त्वाची ठरते. पेटर मेर्टेन्स यांचे आधी ऑस्ट्रियातील लिंत्स आणि नंतर एरलांगेन-न्यूर्नबेर्ग येथील अध्यापनही या परंपरेत मोलाचे मानले जाते. यांतील कोणाला पहिले म्हणावे, हे बऱ्याच अंशी ‘पदवी’ आणि ‘अध्यासन’ (विषयासाठीचे स्वतंत्र प्राध्यापकपद) या शब्दांच्या व्याख्येवर अवलंबून आहे.

ब्रिटनची बाजू या चर्चेत काहीशी मागे राहते, पण ती अधिक बोधप्रद आहे. जे. लायन्स अँड कंपनी ही चहागृहे आणि बेकऱ्या चालवणारी संस्था. तिने स्वतःच्या कार्यालयासाठी लिओ हा संगणक बांधला आणि नोव्हेंबर १९५१मध्ये त्यावर बेकरीतील उत्पादनाच्या मूल्यांकनाचे काम नियमितपणे सुरू केले. व्यवसायातील रोजचे काम संगणकावर चालवण्याचे ते पहिले उदाहरण, असे सामान्यतः मानले जाते. याच लिओच्या कामात घडलेले फ्रँक लँड १९६७मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आले आणि त्यांनी प्रणाली-विश्लेषणाच्या अध्यापनाची घडी बसवली. डेव्हिस हे मूळचे लेखाशास्त्राचे प्राध्यापक होते, हे येथे लक्षात घ्यावे लागते. विद्यापीठांनी विषयाला नाव देण्याच्या कितीतरी आधी पगारपत्रके, साठा आणि किमतीचा हिशेब करणाऱ्या कचेऱ्यांत त्याची घडण झाली होती, हे मत त्यामुळे अधिक ग्राह्य वाटते.

‘माहिती तंत्रज्ञान’ या संज्ञेचा उगम त्या मानाने निश्चित आहे. आजच्या अर्थाने ती हॅरॉल्ड लेविट आणि थॉमस व्हिस्लर यांच्या १९५८मधील लेखात प्रथम आढळते. तो लेख संगणकशास्त्रातील नसून व्यवस्थापनावरील होता. या तंत्रामुळे मधल्या फळीतील व्यवस्थापकांचे स्थान कसे बदलेल, हा त्याचा प्रश्न होता. अभ्यासक्रमाचा पहिला प्रमाण आराखडा असोसिएशन फॉर कम्प्युटिंग मशिनरी या अमेरिकी संघटनेने १९७२मध्ये पदव्युत्तर पातळीसाठी आणि १९७३मध्ये पदवीसाठी प्रसिद्ध केला. त्याच्या सुधारित आवृत्त्या पुढे निघत राहिल्या.

तांत्रिक गाभा. एडगर कॉड यांचे माहिती परस्परसंबंधित तक्त्यांत मांडणारे १९७०चे रिलेशनल प्रतिमान, पीटर चेन यांची वस्तू व त्यांचे संबंध दाखवणारी १९७६ची एंटिटी-रिलेशनशिप आकृती आणि माहिती कोठून कोठे जाते हे दाखवणाऱ्या, त्याच दशकाच्या अखेरीस रूढ झालेल्या डेटा-प्रवाह आकृत्या ही या अभ्यासक्रमाची आजही वापरात असलेली साधने होत. विल्यम मॅकार्थी यांनी १९८२मध्ये मांडलेले संसाधन, घटना आणि कर्ता या तीन घटकांचे लेखा-प्रतिमान भारतीय पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटते. जमा आणि नावे ही मूळ माहिती नसून घडलेल्या घटनांवरून काढलेले एक दृश्य आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. विषयाची दोन अंगे सांधणारी एवढी नेमकी मांडणी दुसरी नाही, म्हणून तिची उपेक्षा खटकते.

या साधनांचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. गावातील दूध संकलन केंद्राची प्रणाली हा महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत सहज शोभणारा विषय आहे. सभासद सकाळ-संध्याकाळ दूध घालतो. लिटर, फॅट आणि एस.एन.एफ. (फॅट वगळता दुधातील इतर घन पदार्थ) मोजले जाते, दरपत्रकावरून दर निघतो आणि दहा दिवसांनी बिल होते. समजा, महिन्याच्या नऊ तारखेला एका सभासदाने ६.५ लिटर दूध घातले आणि त्या प्रतीचा दर ३४ रुपये होता, तर रक्कम २२१ रुपये झाली. अकरा तारखेपासून दर रुपयाने वाढला आणि विद्यार्थ्याने दरपत्रकाच्या तक्त्यात जुन्या आकड्यावर नवा आकडा चढवला. संकलनाच्या नोंदीत दर ठेवलेला नसेल, तर बारा तारखेला छापलेले जुने बिल २२७ रुपये ५० पैसे दाखवील, आणि सभासदाच्या हातातील पावतीशी ते जुळणार नाही.

डेटाबेसच्या शिस्तीनुसार संकलनाच्या नोंदीत दर लिहिणे ही द्विरुक्ती होय. फॅट, एस.एन.एफ. आणि तारीख यांवरून दर काढता येतो, त्यामुळे तो पुन्हा लिहिल्यास तिसऱ्या नॉर्मल फॉर्मचा, म्हणजे इतर रकान्यांवरून काढता येणारी माहिती तक्त्यात पुन्हा न ठेवण्याच्या नियमाचा, भंग होतो. उपाय म्हणून दरपत्रकालाच ‘लागू दिनांक’ हा रकाना जोडून प्रत्येक जुना दर जपावा लागतो. हिशेबनिसाची भूमिका वेगळी असते. ज्या दराने व्यवहार झाला तो दर हे घडून गेलेले तथ्य आहे, ते कशावरून तरी काढायचे नसते, जपायचे असते, असे तो म्हणतो आणि दर नोंदीतच ठेवण्याचा आग्रह धरतो. दोन्ही रचना चालू शकतात. परंतु त्यांतील निवड केवळ प्रोग्रामिंग येणाऱ्याला किंवा केवळ हिशेब येणाऱ्याला जाणीवपूर्वक करता येत नाही. ती करता येणे हेच या पदवीचे खरे प्रयोजन होय.

चूक दुरुस्त करण्याबाबतही असेच आहे. डेटाबेसमध्ये चुकीचा आकडा एका आज्ञेने बदलता येतो, तर वहीत तो खोडायचा नसून उलट नोंद करून निरस्त करायचा असतो. भारतात १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाचा तारीखवार माग राहणे आणि तो बंद करता न येणे सक्तीचे झाले. वहीची जुनी शिस्त अशा रीतीने कायद्याने संगणकात आली.

भारतातील वाटचाल. मुंबईत तेल कंपन्या आणि आयुर्विमा महामंडळ यांच्या कचेऱ्यांत १९६०च्या दशकात संगणक आले, तेव्हा ते चालवणारी माणसे विद्यापीठांतून नव्हे, तर यंत्र पुरवणाऱ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणातून तयार होत. बँकांच्या यांत्रिकीकरणावरील रंगराजन समितीच्या १९८४च्या अहवालानंतर हिशेब आणि संगणक दोन्ही जाणणाऱ्या मनुष्यबळाची गरज वाढली. एम.सी.ए.चा प्रसारही साधारण याच दशकातला. तीन वर्षांची ही पदवी २०२०-२१पासून दोन वर्षांची करण्यात आली. ग्वाल्हेर येथे १९९७मध्ये माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन ही दोन्ही नावे धारण करणारी केंद्रीय संस्था निघाली. तिच्यातील पाच वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम संयुक्त शिक्षणाचे ठळक उदाहरण होय.

पुणे विद्यापीठात (आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) हा अभ्यासक्रम दोन विद्याशाखांत वाढला. वाणिज्य शाखेतील बी.सी.ए.ला पुढे बी.बी.ए. सी.ए. हे नाव मिळाले, त्यातील सी.ए. म्हणजे संगणक उपयोजन, सनदी लेखापालाशी त्याचा संबंध नाही. विज्ञान शाखेत बी.सी.ए. सायन्स ही वेगळी पदवी आहे. अकरावी-बारावीत गणित न घेतलेल्या वाणिज्याच्या विद्यार्थ्याला संगणकाचे दार वाणिज्य शाखेतील पदवीने उघडले, हे तिचे मोठे काम आहे. वाणिज्य शाखेतील म्हणून तिला दुय्यम लेखण्याची प्रवृत्ती दिसते, पण विषयाचा उगम पाहता तिचे तेथे असणे स्वाभाविकच ठरते. गोवा विद्यापीठाने वाणिज्य, अर्थशास्त्र व व्यवस्थापन यांच्यासह संगणकशास्त्रालाही गोवा बिझनेस स्कूलमध्ये आणले आहे.

२०२४-२५पासून बी.बी.ए., बी.एम.एस. (व्यवस्थापन अभ्यासाची पदवी) आणि बी.सी.ए. हे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले. त्यानुसार महाराष्ट्रात त्यांच्या प्रवेशासाठी सामाईक प्रवेश परीक्षा सुरू झाली. पहिल्याच वर्षी प्रतिसाद कमी पडल्याने अतिरिक्त परीक्षा घ्यावी लागली, तर काही महाविद्यालयांनी अभ्यासक्रमाचे नाव बदलून परिषदेच्या कक्षेबाहेर राहणे पसंत केले. पदवीच्या नावावरून तिचा आशय ओळखणे त्यामुळे अधिकच कठीण झाले असून, प्रवेश घेताना नावापेक्षा सत्रनिहाय विषयांची यादी पाहणे इष्ट ठरते.

अखेरच्या वर्षातील प्रकल्प हा मूल्यमापनाचा महत्त्वाचा भाग असतो. त्याचा बांधीव अहवाल मुंबईच्या महाविद्यालयांत ‘ब्लॅक बुक’ म्हणून ओळखला जातो. त्यात विद्यमान पद्धतीचे वर्णन, गरजांचे विश्लेषण, आकृत्या, तक्त्यांची रचना, संगणकाच्या पडद्यांची चित्रे आणि चाचण्या या क्रमाने प्रकरणे येतात. विद्यमान पद्धतीचे प्रकरण बहुधा सर्वांत त्रोटक असते. वास्तविक त्यासाठी विद्यार्थ्याने केंद्रावर, दुकानात किंवा पतसंस्थेत बसून वह्या पाहाव्यात अशी अपेक्षा असते. ज्यांनी तसे केलेले असते, त्यांना तोंडी परीक्षेत दर कोठे ठेवला आणि का, या प्रश्नाचे उत्तर देता येते.