‘नाही’ नेमकं कुठं लावायचं?

रावेरकडच्या आमच्या काकांच्या केळीच्या पिलबागेत व्यापाऱ्याचा माणूस येऊन घड बघून गेला. जाताना म्हणाला, “सगळे घड तयार झाले नाहीत.” काका समजले, एकही तयार नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशीचे मजूर नको म्हणून सांगितलं. व्यापाऱ्याची गाडी मात्र सकाळीच बांधावर हजर! त्या माणसाला म्हणायचं होतं, काही घड आज कापू, उरलेले आठ दिवसांनी.

मराठीत ‘नाही’ वाक्याच्या शेवटी येतं. तिथून ते ‘सगळे’ला धरतं की ‘तयार’ला, हे बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं. बारावीच्या गणितातला पहिलाच धडा तर्कशास्त्राचा, आणि पोरं अडतात ती इथंच. ‘सगळे घड तयार आहेत’ याचा नकार ती ‘एकही घड तयार नाही’ असा लिहितात. खरा नकार ‘निदान एक घड तयार नाही’ एवढाच. एक कोवळा घड दाखवला की मूळ वाक्य खोटं पडलं, पुढची ओळ बघायचीही गरज नाही.

हा फरक इ.स.पू. चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलनं मांडून ठेवला. ‘सगळे आहेत’ आणि ‘एकही नाही’ ही दोन्ही वाक्यं एकदमच खोटी असू शकतात; अर्धी तयार बाग डोळ्यांसमोर आणा. ‘सगळे आहेत’ आणि ‘काही नाहीत’ यांतलं मात्र एक खरं आणि एक खोटं असणारच. पुढे स्टोइक पंथाच्या ग्रीक तत्त्वज्ञांनी नकार थेट अख्ख्या वाक्याच्या आधी नेऊन ठेवला, म्हणजे तो कशाला लागू आहे याचा घोळच नको.

आपल्याकडे वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक आणि व्याकरणकार याच प्रश्नावर फार बारकाईनं बोलले आहेत, आणि ते शाळेत कुणी सांगत नाही याचं मला वाईट वाटतं. ‘न’ क्रियेला जोडला तर प्रसज्यप्रतिषेध, पुढच्या शब्दाला जोडला तर पर्युदास. पहिल्यात सरळ मनाई, दुसऱ्यात ‘त्याहून वेगळं काही’. ‘उगवत्या सूर्याकडे पाहू नये’ या वचनाचा अर्थ मीमांसकांनी दुसऱ्या वाटेनं लावला: ही नुसती बंदी नसून न पाहण्याचा संकल्प करायचा, ते व्रत आहे.

‘आणि’, ‘किंवा’च्या वाक्यांचा नकार कसा करायचा, ही गाठ इंग्रज तत्त्वज्ञ ऑकमनं चौदाव्या शतकात शब्दांत सोडवली होती, पण नियमांना नाव मिळालं ते मदुराईत १८०६ साली जन्मलेल्या गणिती डी मॉर्गनचं. ‘विहिरीला पाणी आहे आणि मोटारीला लाइट आहे’ याचा नकार ‘पाणी नाही किंवा लाइट नाही’. दोन्ही गेलीच असली पाहिजेत असं नाही. एक गेलं तरी बाग तहानलेलीच.

१८७९ मध्ये जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेनं ‘सगळे’ आणि ‘नाही’ यांना वेगवेगळी खूण दिली. ‘काही’साठी त्यानं स्वतंत्र चिन्ह ठेवलंच नाही. ‘काही घड तयार आहेत’ हे त्याच्या पद्धतीत असं होतं: ‘प्रत्येक घड कोवळा आहे, असं नाही’. त्या दिवशी बांधावर एवढंच वाक्य हवं होतं.