डोळे पिवळे व्हायच्या आधी

लिव्हर बिघडलंय हे कळायची आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या एकच खूण, डोळे पिवळे. कावीळ. चरकसंहितेत तिला कामला म्हटलंय आणि निरीक्षण खरंच भारी आहे, डोळे-त्वचा-नखं हळदीसारखी, आणि एका प्रकारात शौच वाटलेल्या तिळासारखं पांढरट, कारण पित्ताची वाट अडलीय. आजचा डॉक्टरही कावीळ म्हटली की संडासचा रंग विचारतोच.

मग गावोगावी कावीळ उतरवणारे आले. काड्यांची माळ गळ्यात घालायची, ती लांबत गेली की कावीळ उतरली (गाठीच अशा मारलेल्या असतात की काड्या सुकल्या की माळ लांबते). लोकांचा विश्वास बसायचा कारण हिपॅटायटिस ए (विषाणूमुळे होणारी नेहमीची कावीळ) बहुतेकांचा काही आठवड्यांत आपोआपच बरा होतो, आणि क्रेडिट माळेला!

तिकडे फ्रान्समध्ये स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने 1819 मध्ये लिव्हर कडक, गाठाळ होण्याला सिरोसिस हे नाव दिलं, तेही पिवळसर-तपकिरी अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, म्हणजे परत रंगच, आणि तो दिसला कुठे तर मेलेल्या माणसाच्या लिव्हरवर.

रक्तातून आधी कळायला लागलं ते 1955 च्या सुमारास. एसजीओटी ही एन्झाइम मोजायची टेस्ट खरं तर हार्ट अटॅकसाठी शोधली होती, नंतर लक्षात आलं की लिव्हरच्या पेशी फुटल्या तरी हे एन्झाइम रक्तात वाढतं. त्याच वर्षाच्या शेवटी दिल्लीत यमुनेतलं सांडपाणी पिण्याच्या पाण्यात शिरलं आणि 29 हजारांच्या आसपास लोकांना कावीळ झाली, जपून ठेवलेल्या सॅम्पलवरून खूप वर्षांनी कळलं की ते हिपॅटायटिस ई, म्हणजे दूषित पाण्यातून पसरणारा दुसरा विषाणू, होतं.

पण माझ्या मते खरा धक्का 1980 चा, अमेरिकेत मेयो क्लिनिकच्या लुडविगने दारू न पिणाऱ्यांची लिव्हर दारुड्यांसारखी झालेली दाखवली. आपल्या घरात अजून "तो तर थेंबही घेत नाही" म्हणून विषय संपतो. या आजारात, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठते त्या फॅटी लिव्हरमध्ये, डोळे पिवळे होतात ते फार उशिरा, पायाला सूज आणि पोटात पाणीही तसंच, आणि एसजीपीटी (एसजीओटीसारखंच लिव्हरचं एन्झाइम) कधीकधी नॉर्मलच येतं, म्हणून बऱ्याचदा दुसऱ्याच कारणाने केलेल्या सोनोग्राफीत हे सापडतं. आधी काही जाणवलंच तर सारखा थकवा, उजव्या बरगडीखाली जडपणा, आणि तो आपण ॲसिडिटी म्हणून सोडून देतो.