शांत गाण्याला ओरखडा लपवता येत नाही

लोकसंगीताची जुनी एलपी, म्हणजे लाँग-प्ले रेकॉर्ड, लावली की पहिल्या मिनिटातच कळतं, आधीच्या मालकाने ती कशी सांभाळली होती. एकच गळा, सोबतीला एखादं तंतुवाद्य आणि दोन ओळींच्या मधली शांतता. नेमकी तिथेच 'चट्' ऐकू येते. तोच ओरखडा भरगच्च वाद्यवृंदाच्या रेकॉर्डवर असता, तर कदाचित जाणवलाही नसता. मोठा आवाज चालू असताना त्याच्या जवळपासच्या कंपनसंख्यांचे बारीक आवाज आपल्या कानाला पकडता येत नाहीत. याला मास्किंग म्हणतात. लोकगीतात असं पांघरूण घालायला काहीच नसतं, म्हणून या संगीताच्या स्वच्छ वाजणाऱ्या प्रती मिळवायला चिकाटी लागते.

मी जुनी एलपी तपासताना सुई आधी मधल्या लेबलजवळच्या शेवटच्या गाण्यावर ठेवतो. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. कडेच्या खाचेत सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच सरकते, लेबलजवळ मात्र जेमतेम २१. म्हणजे 'स', 'श' यांसारख्या तीक्ष्ण ध्वनींच्या लाटा तिथे निम्म्याहूनही कमी जागेत कोंबलेल्या असतात. १० हजार हर्ट्झची एक लाट कडेला ५१ मायक्रॉन लांब, तर आत २१. इतकी बारीक वळणं घेताना सुई अडखळते आणि घासलेली सुई तर ती वळणं खरवडूनच काढते. शेवटच्या गाण्यातला 'स' फाटलेला नसेल, तर बाकीची बाजू बहुधा ठीक निघते.

याआधीच्या ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्ड लाखेच्या असत. किड्यांपासून मिळणाऱ्या लाखेत दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची, आणि त्यांची ती कायमची खरखर मुख्यतः त्या पुडीची. १९४८ साली एलपी आली ती व्हिनाइल या प्लॅस्टिकची, कितीतरी शांत. त्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये फोकवेज ही रेकॉर्ड कंपनी सुरू झाली. तिने १९५२ साली हॅरी स्मिथ या संग्राहकाने निवडलेली ८४ ध्वनिमुद्रणं सहा एलपींवर आणली. ती त्याने स्वतः जमवलेल्या लाखेच्या रेकॉर्डवरूनच घेतलेली होती. एका माणसाच्या छंदातून एवढा मोठा ठेवा वाचला, याचं मला आजही फार अप्रूप वाटतं.

या दोन पदार्थांतला फरक धुताना विसरू नये. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे अल्कोहोल असलेलं द्रावण ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवर लावलं तर ती कायमची गेली. व्हिनाइलचं दुखणं वेगळं. ते घासलं की स्थिर विद्युत साठते आणि हवेतली धूळ ओढून घेते. कोरड्या फडक्याने जोर लावून पुसलं तर ही ओढ आणखी वाढते. ऊर्ध्वपातित पाणी, साबणासारख्या द्रव्याचा एखादा थेंब आणि मऊ कापड पुरतं. उन्हात तर रेकॉर्ड ठेवूच नये, आणि थप्पी न लावता उभ्या ठेवाव्यात.

पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीची एलपी आजच्या अँप्लिफायरवर कधी कर्कश, कधी दबलेली वाजते. तो दोष रेकॉर्डचाच असेल असं नाही. खाचेत मावावेत म्हणून खालचे सूर रेकॉर्डची खाच कोरताना कमी करतात, वरचे वाढवतात आणि वाजवताना उलटं करतात. हे प्रमाण १९५४ नंतर हळूहळू एकसारखं झालं. त्याआधी प्रत्येक कंपनीचा हिशेब वेगळा होता.

आणि झिजलेली मोनो (स्टिरिओ नसलेली) रेकॉर्ड लगेच टाकून देऊ नका. जुन्या सुईने खाचेच्या भिंतीचा एक ठरावीक पट्टाच घासलेला असतो. टोकाची गोलाई थोडी कमी-जास्त असलेली सुई लावली, तर ती त्याच भिंतीवर जरा वर किंवा खाली टेकते, जिथे आजवर कुठलीच सुई पोचलेली नसते. संग्रहालयांतले तंत्रज्ञ अशा दोन-चार सुया बदलून पाहतात, आणि कधीकधी खरखरीखाली बुजलेला गळा एकदम समोर बसून गायल्यासारखा ऐकू येतो.