फुलब्राइट-नेहरू डॉक्टोरल रिसर्च फेलोशिप: अमेरिकन कादंबरीच्या संशोधकांसाठी पात्रता आणि कागदपत्रे

भारतीय विद्यापीठात आधुनिक अमेरिकन कादंबरीवर पीएचडी करणाऱ्यांना मूळ हस्तलिखिते पाहण्यासाठी सहा ते नऊ महिने अमेरिकेत राहण्याची सोय या फेलोशिपमुळे होते. पदवी मात्र इथल्याच विद्यापीठाची मिळते. अर्जदार भारतीय नागरिक असावा, अर्ज करताना भारतात राहत असावा आणि त्याची पीएचडीसाठी नोंदणी झालेली असावी. ती कोणत्या तारखेपूर्वीची हवी, हे त्या वर्षीच्या सूचनेत पाहावे. ग्रीन कार्डधारकांना अर्ज करता येत नाही.

ऑनलाइन अर्जासोबत संशोधन प्रस्ताव, लेखनाचा नमुना, गुणपत्रिका, शिफारसपत्रे आणि नोंदणीची तारीख व विषय नमूद करणारे संस्थेचे पत्र लागते. नोकरीत असलेल्यांना रजा मिळेल अशी संमती कार्यालयाकडून घ्यावी लागते. प्राचार्य, संस्थाचालक आणि पुन्हा प्राचार्य असा फाइलचा प्रवास ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे काम आधी का हाती घ्यावे ते सांगायला नको.

खरी कसोटी असते ती अमेरिकेतच का जायचे, या प्रश्नाच्या उत्तराची. मार्गदर्शकांनी आपल्या अभिप्रायात ‘उमेदवार कष्टाळू आहे’ एवढेच लिहिले तर ते उत्तर मिळत नाही. हैदराबादला १९६४ मध्ये अमेरिकन स्टडीज रिसर्च सेंटर सुरू झाले आणि तिथे या विषयावरील ग्रंथांचा मोठा संग्रह उभा राहिला. त्या संग्रहात काय पाहून झाले आणि कशावाचून काम अडले, हे प्रस्तावात स्पष्ट यावे. ‘अमेरिकन कादंबरीचा विकास’ एवढा ऐसपैस विषय या कसोटीला टिकत नाही. त्याऐवजी अमेरिकन कादंबरीकार राल्फ एलिसन यांचे उदाहरण घ्या. सुमारे चाळीस वर्षे ते दुसऱ्या कादंबरीवर काम करत होते आणि १९९४ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हाही ती अपुरीच होती. तिचे खर्डे वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहेत. त्यांतील कोणता भाग, कशासाठी आणि किती आठवडे पाहायचा, हे लिहिले की प्रस्तावाला वजन येते. कादंबरीकार टोनी मॉरिसन यांच्यावर काम करणाऱ्यांनी, त्यांची कागदपत्रे जिथे आहेत त्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा असाच विचार करावा.

निवड झाल्यावर जे-१ (शैक्षणिक देवाणघेवाणीसाठीचा) व्हिसा मिळतो आणि त्यासोबत मायदेशी दोन वर्षे राहण्याची अटही येते. तेवढा काळ पुरा होईपर्यंत एच-१बी (नोकरीचा व्हिसा) किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. लायब्ररी ऑफ काँग्रेसचे वाचक ओळखपत्र तिथे प्रत्यक्ष जाऊन काढावे लागते. ते विनामूल्य असते आणि ओळखीचा पुरावा म्हणून पासपोर्ट चालतो.