मंत्र्याला विचारण्याचा अधिकार: प्रश्नोत्तराचा तास आणि खात्यांच्या मागण्यांची पार्श्वभूमी

महाराष्ट्र विधिमंडळाच्या तारांकित प्रश्नांची, म्हणजे ज्यांना मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे असते अशा प्रश्नांची, कोणतीही यादी घेतली, तरी तिच्यातील प्रश्नांचा साचा एकच असतो. अमुक योजनेचा निधी अखर्चित राहिला हे खरे आहे काय; असल्यास, त्याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय; चौकशीत काय आढळून आले व त्यानुषंगाने कोणती कार्यवाही केली; आणि शेवटी, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत? लेखी उत्तरातील "हे खरे नाही", "हे अंशतः खरे आहे", "प्रश्न उद्भवत नाही" हे शब्दही ठरलेले आहेत. वाचणाऱ्याला ही कोरडी दप्तरी भाषा वाटेल, परंतु तिच्यामागे दीड शतकाहून अधिक काळाची खेचाखेच आहे. या देशातील राज्यकर्त्यांना प्रश्न विचारता येतो, ही गोष्टच प्रथम मान्य करून घ्यावी लागली. त्या प्रश्नाला उपप्रश्न जोडण्याचा अधिकार त्यानंतर बऱ्याच वर्षांनी मिळाला. आणि उत्तराने समाधान न झाल्यास त्या खात्याचे पैसे नाकारण्याचा अधिकार तर सर्वांत शेवटी हाती आला.

कंपनी सरकारच्या अखेरच्या काळात, १८५३ च्या सनदी कायद्याने, कलकत्त्यात कायदे करण्यासाठी बारा सदस्यांचे एक मंडळ बनले. सदस्य बहुतेक सर्व सरकारी अधिकारी आणि न्यायाधीशच होते. तरीही या मंडळाने आपले स्थायी आदेश ठरवले, कामकाज खुले केले आणि सरकारच्या कारभाराबद्दल माहिती व कागदपत्रे मागण्यास सुरुवात केली. लंडनमधील भारतमंत्री सर चार्ल्स वुड यांना हे रुचले नाही. कायदे करण्यासाठी नेमलेले मंडळ छोटी पार्लमेंट होऊ पाहत आहे, असा त्यांचा आक्षेप होता. म्हणूनच १८६१ च्या कायद्याने कौन्सिलांचे काम समोर आलेल्या विधेयकापुरते बांधून टाकले आणि प्रश्न विचारणे, कारभाराची चौकशी करणे किंवा खर्चावर बोलणे यांना तेथे जागाच ठेवली नाही. नेमलेल्या अधिकाऱ्यांनी विचारलेले प्रश्नदेखील सरकारला जड झाले, यावरून प्रश्नाची ताकद राज्यकर्त्यांनी किती लवकर ओळखली होती हे कळते.

याच कायद्याखाली १८६२ मध्ये मुंबई प्रांताचे कौन्सिल सुरू झाले. जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखा वजनदार नागरिक तेथे बसला, परंतु प्रांताच्या तिजोरीतून कोणत्या खात्यावर किती पैसे जातात हे विचारण्याची सोय त्यांनाही नव्हती. पुढे डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईत गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले, तेव्हा कौन्सिलांच्या सुधारणेचा ठराव काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी मांडला. निवडून आलेले सदस्य कौन्सिलात घ्यावेत, सर्व अंदाजपत्रके कौन्सिलापुढे ठेवावीत आणि कारभाराच्या प्रत्येक शाखेबद्दल सरकारला प्रश्न विचारण्याचा अधिकार सदस्यांना असावा, असा त्याचा आशय होता. तेलंग त्या वेळी स्वतः मुंबई कौन्सिलाचे सदस्य होते आणि तेथे काय करता येत नाही हे ते अनुभवाने जाणत होते. प्रश्न आणि पैसा या दोन गोष्टी त्या पहिल्याच वर्षी एका ठरावात एकत्र आल्या, ही बाब मला महत्त्वाची वाटते.

या मागणीला १८९२ च्या कायद्याने अर्धेमुर्धे उत्तर दिले. सदस्यांना पूर्वसूचना देऊन प्रश्न विचारता येऊ लागले, परंतु उत्तरावर चर्चा करता येत नसे आणि उपप्रश्नाला परवानगी नव्हती. अंदाजपत्रकावर बोलता येत असे, मतदान मात्र करता येत नसे. गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी भिनग्याच्या राजांनी विचारला. दौऱ्यावरील सरकारी अधिकाऱ्यांना शिधासामग्री पुरवावी लागत असल्याने गावोगावच्या दुकानदारांना जो जाच सोसावा लागे, त्याविषयी तो प्रश्न होता. साम्राज्याच्या सर्वोच्च सभागृहातला पहिला प्रश्न खेड्यातल्या वाण्याच्या नुकसानीचा निघाला, आणि या साधनाचा स्वभावही त्या दिवसापासून तोच राहिला आहे. एरवी साहेबाच्या तंबूबाहेर अडलेली तक्रार त्याने सरकारच्या अधिकृत कामकाजात नोंदवली.

मतदानाशिवाय केवळ बोलण्याच्या अधिकारातून किती मिळवता येते, हे गोपाळ कृष्ण गोखले यांनी दाखवून दिले. मुंबई कौन्सिलातून ते गव्हर्नर जनरलच्या वरिष्ठ कौन्सिलात गेले आणि २६ मार्च १९०२ रोजी त्यांनी तेथे अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. सरकार सालोसालच्या शिलकीचा अभिमान बाळगत होते. फर्ग्युसन महाविद्यालयात गणितही शिकवलेल्या गोखल्यांनी सरकारच्याच आकड्यांतून असे दाखवले की, दुष्काळ आणि प्लेगने लोक पिचलेले असताना तिजोरीत शिल्लक पडते, याचा अर्थ त्यांच्याकडून गरजेपेक्षा जास्त कर वसूल होत आहे. मिठावरचा कर कमी करा, लष्करावरचा खर्च आवरा आणि शिक्षणाला पैसे द्या, हे मागणे त्यांनी वर्षानुवर्षे आकड्यांसह मांडले. मिठाचा कर मणामागे अडीच रुपये होता. तो १९०३ मध्ये दोन रुपये, १९०५ मध्ये दीड रुपया आणि १९०७ मध्ये एक रुपया झाला. याचे सारे श्रेय एका सदस्याला देणे बरोबर होणार नाही, परंतु खात्याचे आकडे खात्याच्या उत्तराविरुद्ध उभे करण्याची जी पद्धत आज अभ्यासू आमदार वापरतात, तिचा पाया या भाषणांत आहे.

उपप्रश्नाचा अधिकार १९०९ च्या सुधारणांनी आला, पण तो केवळ मूळ प्रश्नकर्त्यापुरता होता. १९१९ च्या कायद्यानंतर तो सर्व सदस्यांना मिळाला. नियमातला हा बदल लहान दिसला, तरी त्याने सभागृहातील नाते पालटले. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्यातील अधिकारी आधी लिहून ठेवू शकतात, उपप्रश्न मात्र ऐन वेळी येतो आणि मंत्र्याला विषय समजला आहे की नाही हे त्याच क्षणी उघड होते. प्रश्नोत्तराच्या तासाची खरी धार येथेच आहे, असे माझे मत आहे. त्याच १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती, म्हणजे खात्यांची दोन गटांत विभागणी, आणली; शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती मंत्र्यांकडे सोपवली, बाकीची गव्हर्नरच्या हाती राखून ठेवली आणि खात्यांच्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे वर्षाच्या खर्चासाठी लागणाऱ्या रकमा, कौन्सिलाच्या मताला टाकण्याची पद्धत सुरू केली. नाकारलेली राखीव खात्यांची मागणी पुन्हा मंजूर करून घेण्याचा अधिकार मात्र गव्हर्नरकडे राहिला.

मुंबई कौन्सिलातील त्या काळच्या चर्चांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांची १९२७ ची भाषणे मुद्दाम वाचावीत अशी आहेत. सरकारनियुक्त सदस्य म्हणून कौन्सिलात आल्यावर २४ फेब्रुवारी रोजी ते अंदाजपत्रकावर बोलले. जमीन महसुलाचा बोजा मोठ्या जमीनदाराइतकाच लहान शेतकऱ्यावरही सारख्याच दराने पडतो, हा अन्याय त्यांनी दाखवला. नंतर १२ मार्चला, शिक्षण खात्याच्या मागणीवर बोलताना, त्यांनी दोन आकडे शेजारी ठेवले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि अबकारी कराच्या रूपाने माणशी २ रुपये २ आणे ९ पै वसूल करते. दारूवरील करातून लोकांकडून जेवढे घेतले जाते, निदान तेवढे तरी त्यांच्या शिक्षणावर खर्च व्हावे, अशी त्यांची मागणी होती. खात्याचे धोरण आणि खात्याचा खर्च हे वेगळे विषय नाहीत, हे इतक्या थोडक्यात क्वचितच कोणी मांडले असेल.

प्रांतिक स्वायत्ततेनंतर १९३७ मध्ये मुंबई प्रांतात १७५ जागांची विधानसभा आली आणि सर्वच खाती लोकांनी निवडलेल्या मंत्र्यांकडे गेली. तिचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर पुढे लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले. सरकारी खर्चाची छाननी करणारी लोकलेखा समिती केंद्रात १९२१ पासून होती, पण तिचे अध्यक्षपद अर्थखात्याच्या प्रमुखाकडेच असे; म्हणजे ज्याचा हिशेब तपासायचा, तोच तपासणाऱ्यांचा प्रमुख. ही विसंगती १९५० मध्ये मावळंकरांच्या कारकिर्दीत संपली आणि त्याच वर्षी खर्चाचे अंदाज तपासून काटकसर सुचवणारी अंदाज समितीही स्थापन झाली. लोकलेखा समितीचे अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा संकेत लोकसभेत १९६७ पासून रूढ झाला.

राज्यघटनेने या साऱ्याला पक्का आधार दिला. अनुच्छेद १६४ नुसार राज्याचे मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार असते, अनुच्छेद २०३ नुसार खात्यांच्या मागण्या विधानसभेपुढे ठेवाव्या लागतात आणि अनुच्छेद १५१ नुसार महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळासमोर येतात. मागणीवर सदस्य कपात सूचना देऊ शकतो. संसदीय पद्धतीत मागणी एक रुपयावर आणण्याची सूचना म्हणजे खात्याच्या धोरणावरील अविश्वास, आणि शंभर रुपयांची कपात म्हणजे एखाद्या विशिष्ट तक्रारीकडे वेधलेले लक्ष.

एका प्रश्नातून अर्थमंत्र्यांचे पद कसे गेले, याचे उदाहरण १९५७ चे आहे. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांत सुमारे १ कोटी २४ लाख रुपये गुंतवले होते. सप्टेंबरमध्ये लोकसभेत त्याबद्दल प्रश्न आला, तेव्हा मिळालेले उत्तर टाळाटाळीचे होते. त्या टाळाटाळीमुळेच प्रकरणाचा पाठपुरावा झाला आणि १६ डिसेंबर रोजी सत्ताधारी पक्षाचेच सदस्य फिरोझ गांधी यांनी सारा व्यवहार सभागृहापुढे मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांनी मुंबईत खुली चौकशी केली आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला.

या अधिकाराला लागलेला डागही मुंबईशी जोडलेला आहे. हंगामी संसदेचे सदस्य एच. जी. मुद्गल यांनी मुंबईच्या सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांच्या संघटनेकडून पैसे घेऊन संसदेत तिची बाजू पुढे केली, असा आरोप १९५१ मध्ये झाला. सभागृहाच्या समितीने त्यांना दोषी धरले आणि हकालपट्टीच्या ठरावावर निर्णय होण्याआधी त्यांनी राजीनामा दिला. पुढे डिसेंबर २००५ मध्ये प्रश्नासाठी पैसे घेतल्याच्या प्रकरणात दोन्ही सभागृहांतील मिळून ११ खासदारांचे सदस्यत्व गेले. प्रश्न विकला गेला, की उत्तर मागणाऱ्या लाखो लोकांचा आवाज विकला जातो. म्हणून ही शिक्षा मला कठोर वाटत नाही.

महाराष्ट्रात प्रश्नोत्तराच्या तासाबरोबरच लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा आणि सार्वजनिक महत्त्वाच्या विषयावरील नियम २९३ खालची चर्चा ही साधने रुळली. उत्तर अपुरे वाटल्यास पीठासीन अधिकारी प्रश्न राखून ठेवतात, आणि मंत्र्याने दिलेले आश्वासन आश्वासन समितीच्या नोंदीत जाते. सिंचनाच्या प्रश्नात ही सारी साधने कामी आली. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून असे दिसले की, दशकभरात ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण केवळ ०.१ टक्क्याने वाढले; त्याच काळातील सिंचनावरचा खर्च ७० हजार कोटी रुपयांच्या घरात होता. सरकारने नोव्हेंबर २०१२ मध्ये श्वेतपत्रिका काढून निराळी आकडेवारी मांडली, आणि नागपूरचे हिवाळी अधिवेशन याच वादाने गाजले. आंबेडकरांनी १९२७ मध्ये वापरलेली पद्धतच येथे दिसते: सरकारचेच दोन आकडे एकमेकांसमोर ठेवायचे आणि मधल्या अंतराचा जाब विचारायचा.

समित्यांचे काम याहून शांतपणे चालते. लोकलेखा समिती, अंदाज समिती, सार्वजनिक उपक्रम समिती यांच्याबरोबर महाराष्ट्रात पंचायत राज समिती आणि रोजगार हमी योजना समिती यांनीही जिल्ह्याजिल्ह्यांत जाऊन कामे पाहिली आहेत. या समित्यांपुढे साक्षीला सचिव आणि अधिकारी येतात. संसदेच्या आर्थिक समित्यांचा तर नियमच असा आहे की मंत्र्याला साक्षीसाठी बोलावायचे नाही. त्यामुळे खर्चाचा तपशील समितीत आणि धोरणाचा जाब सभागृहात, अशी वाटणी झाली. खात्यांच्या मागण्या मतदानाआधी विभागवार तपासण्यासाठी केरळने १९८० मध्ये विषय समित्या आणल्या आणि संसदेने १९९३ मध्ये स्थायी समित्यांची व्यवस्था सर्व खात्यांना लागू केली.

सभागृहातील वेळ मात्र आक्रसत गेला आहे. चीनच्या आक्रमणाच्या वेळी १९६२ मध्ये, आणीबाणीत १९७५ मध्ये आणि कोविडच्या साथीत सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला. संकटाच्या काळातच खात्यांचा खर्च सर्वाधिक वेगाने होतो, हे ध्यानात घेतले तर हा पायंडा काळजीचा आहे. एरवीही गोंधळात तास वाहून जातो, आणि ठरलेली वेळ संपली की चर्चेविना राहिलेल्या मागण्या एकत्रच मताला टाकल्या जातात.

पुरवणी मागण्यांचे आकारमान हा या इतिहासातील सर्वांत अलीकडचा अध्याय आहे. अंदाज बांधताना न दिसलेल्या किंवा अपुऱ्या पडलेल्या खर्चासाठी घटनेच्या अनुच्छेद २०५ ने ही सोय ठेवली. महाराष्ट्रात २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प सादर झाला आणि त्याच पावसाळी अधिवेशनात, जुलैमध्ये, ९४ हजार ८८९ कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या मांडल्या गेल्या. त्यांतील २५ हजार कोटींहून अधिक रक्कम महिला व बालविकास खात्यासाठी होती. अर्थसंकल्पानंतर पंधरवडा उलटण्याआधी एवढी रक्कम कशी वाढली आणि मूळ अंदाज बांधताना ती का दिसली नाही, हे प्रत्येक खात्याच्या मंत्र्याला मागणीनिहाय विचारायचे, तर त्यासाठी सभागृहाला कित्येक दिवस लागले असते. ते अधिवेशन १२ जुलै रोजी संपले, आणि मागण्या त्याआधीच मंजूर झाल्या होत्या.