सायलेन्सर काढला म्हणून गाडी रेसची होत नाही

रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवरून एखादी स्पोर्ट्स कार कानठळ्या बसवत जाते आणि कट्ट्यावरचा कुणीतरी हमखास सांगतो, "सायलेन्सर काढलाय, आता फॉर्म्युला वनसारखी वाजते." वर्षानुवर्षं चालत आलेली ही समजूत चुकीची आहे.

सूर ठरतो इंजिनात: सेकंदाला जितके स्फोट जास्त, तितका तो चढा. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडरमधलं इंधन इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदा पेटतं. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल, तर सेकंदाला २०० स्फोट. २००५ सालची फॉर्म्युला वनची व्ही-१०, म्हणजे दहा सिलिंडरची, इंजिनं १८,००० च्याही पुढे फिरत, म्हणजे सेकंदाला १,५०० हून जास्त स्फोट. ती अंगावर काटा आणणारी किंकाळी तिथून यायची.

सायलेन्सर कापून बघा: आत भोकाभोकांची नळी, बऱ्याचदा तिच्याभोवती काचतंतूंचा कापूस. सायलेन्सर आवाज गिळतो. तो काढला की तोच खर्ज मोठा होतो, पट्टी चढत नाही. सारख्या लांबीच्या नळ्यांचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरांतला धूर एकत्र बाहेर नेणारा भाग) बसवला तर आवाज सफाईदार होतो, एवढं खरं. पण फेरे तेवढेच राहतात.

शिवाय केंद्रीय मोटार वाहन नियम १२० प्रमाणे सायलेन्सर सक्तीचा आहे. रात्री दोन वाजता त्या आवाजानं दचकून उठणारं तान्हं बाळ मी घरात पाहिलंय. हौस असेल तर गाडी ट्रॅकवर न्या.