पार्श्वभूमी : गोव्याच्या परसातली देशी झाडे कशी होती, कशी गेली

पावसाळा तोंडावर आला की हल्ली गोव्यातल्या नर्सऱ्यांत एक नवी विचारणा होते. पूर्वी लोक ‘चांगली फुले येणारे काहीतरी’ मागत. आता काहीजण ‘फुलपाखरे येतील असे देशी झाड आहे का?’ असे विचारतात. फ्लॅटच्या बाल्कनीत कढीपत्ता लावून त्यावरच्या अळ्या मुद्दाम राखणारी माणसेही आहेत. घराभोवती स्थानिक झाडे लावायची आणि त्यांच्या आधाराने जगणाऱ्या जिवांना जागा द्यायची, हा विचार या रूपात बाहेरून आला आहे. पण ज्या परसात तो आला, त्या परसाचा इतिहास त्याहून जुना आणि बराच गुंतागुंतीचा आहे.

गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य १५३४ मध्ये गोव्यात आला. इथल्या औषधी वनस्पतींवरचा त्याचा संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. त्यात आंबा, फणस, प्राजक्त यांच्याबरोबर आपली भिरंड, म्हणजे कोकमही आहे. त्या शतकाच्या आगेमागे पोर्तुगीज जहाजांतून काजू, अननस, पपई, पेरू आणि मिरची ही अमेरिकेची मंडळी या किनाऱ्यावर उतरत होती. म्हणजे परसातल्या झाडांची नोंद होऊ लागली आणि पाहुण्या झाडांची गर्दीही सुरू झाली, ती जवळपास एकाच काळात. गोव्यात शुद्ध देशीपणाचा आग्रह धरणाऱ्याला काजूपाशीच अडखळावे लागते. पाहुणा असूनही काजू इथल्या डोंगरांवर इतका रुळला आहे की कॉमन बॅरन हे आंब्यावर वाढणारे फुलपाखरू त्याच्या पानांवरही अंडी घालते.

पुढच्या शतकात कोचीच्या डच गव्हर्नराने, हेंड्रिक व्हॅन ऱ्हीडने, ‘होर्तुस मलाबारिकुस’ या मलबारच्या वनस्पतींवरच्या ग्रंथाचा मोठा प्रकल्प हाती घेतला. १६७८ ते १६९३ या काळात त्याचे बारा खंड आम्स्टरडॅमला छापले गेले. त्यासाठी झाडे ओळखून देणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेल्या समाजातले हे लोक. त्यांचे कोंकणी निवेदन पहिल्या खंडात नागरी लिपीत छापलेले आहे. परसातली आणि वंयीवरची, म्हणजे कुंपणावरची, झाडे नावानिशी आणि गुणानिशी ठाऊक असणे हा तेव्हा छंद नव्हता, पोटापाण्याचा भाग होता.

गोव्यात मात्र याच परसावर सत्तेची नजर होती. १७३६ च्या एप्रिलमध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, काढलेल्या फर्मानात लग्नातल्या गाण्यांपासून विडे-फुलांच्या देवाणघेवाणीपर्यंत अनेक रीतींवर बंदी आली, आणि त्यात तुळसही होती. ख्रिस्ती झालेल्या घरांनी घरात, अंगणात वा बागेत कुठेही ती ठेवू नये, दिसेल तिथून उपटावी, असा हुकूम होता. राजवटीने एका झुडपाची एवढी धास्ती घेतल्याची उदाहरणे थोडीच असतील.

त्याआधीच, सोळाव्या शतकात, तिसवाडी, बार्देस आणि साष्टी या जुन्या काबिजादींतली, म्हणजे पोर्तुगीजांनी आधी जिंकलेल्या भागांतली, देवळे पाडली गेली होती. देऊळ गेले की भोवतालच्या देवराईला राखणदार उरत नाही. म्हणून दाट देवराया पाहायच्या तर आजही प्रामुख्याने सत्तरी, सांगे, काणकोण अशा नव्या काबिजादींत जावे लागते. हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांकडे आले, तेव्हा देवळे मोडण्याचा जोर ओसरला होता. केरीची आजोबाची राई किंवा नानोड्याजवळ बांबरची निरंकाराची राई त्यामुळे टिकली. निरंकाराच्या राईत गोड्या पाण्याच्या दलदलीत जंगली जायफळ उभे आहे. गावातल्या परसांना बी पुरवणारे हे साठेच होते. पक्षी राईत फळ खात आणि बी कुळागराच्या, म्हणजे घराजवळच्या बागायतीच्या, कडेला टाकत.

कुळागरापाशी थोडे थांबायला हवे, कारण सगळ्या प्रकरणाचा गाभा तिथे आहे. वर माड आणि पोफळी, पोफळीवर चढलेली मिरवेल, खाली केळ, हळद, अळू. बांधाला फणस, जांभूळ, भिरंड, ओटंब, तेफळ. वंयीला पांगारा, अडुळसा, निरगुडी. यातले प्रत्येक झाड कशासाठी तरी राखलेले होते. भिरंडीची सोलां कढीला, ओटंबाची आमटीला, तेफळ बांगड्याच्या हुमणाला, अडुळसा खोकल्याला, पांगारा मिरवेलीच्या आधाराला. दारात सोनचाफा, ओवळ, सुरंगी, ती केसांत माळायला आणि देवाला. या हिशेबात पशुपक्ष्यांचे नाव कुठेच नाही. कोणी घरमालकाने फुलपाखरांसाठी तेफळ लावले असेल, असे मला तरी वाटत नाही.

तरीही ती येत. तेफळाच्या पानांवर मलबार बँडेड पीकॉकच्या अळ्या वाढतात. सह्याद्रीबाहेर न सापडणारे हे निळे-हिरवे फुलपाखरू केरळचे राज्य फुलपाखरू आहे. लिंबू आणि तोरिंग यांच्यावर ब्लू मॉरमन, म्हणजे महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू केलेले नीलवंत. सोनचाफ्यावर टेल्ड जे, शेरवडावर कमांडर, आणि पावसात आपण भाजी करतो त्या तायकिळ्यावर पिवळी छोटी फुलपाखरे. आंब्यावरचे बांडगूळ काढून टाकण्याचा सल्ला सगळे देतात, पण जेझेबेल त्याच बांडगुळावर वाढते. पांगारा फुलला की मैना, कोतवाल आणि शिंजीर यांची एकच झुंबड उडते. गोव्यात धनेशाच्या चारही जाती आहेत. त्यांना पिकलेला वड-उंबर लागतो आणि घरट्यासाठी जुन्या झाडातली ढोली. काजऱ्याचे विषारी बी असलेले फळही मलबारी कवड्या धनेश मजेत खातो.

हे असे का होते, याचे शास्त्र बरेच नंतर आले. झाडे किडींपासून वाचायला पानांत कडू-विषारी द्रव्ये साठवतात, आणि एखादी फुलपाखराची जात पिढ्यान्‌पिढ्या तेच विष पचवायला शिकते. मग तिच्या अळीला दुसरे पान चालत नाही. पॉल अर्लिक आणि पीटर रेव्हन यांनी १९६४ मध्ये हे सूत्र मांडले. पुढे अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ डग टॅलमी यांनी ते थेट घराच्या बागेशी जोडले. तिथल्या चिकडी या चिमुकल्या पक्ष्याला एका वेळची पिल्ले वाढवायला सहा ते नऊ हजार अळ्या लागतात, हा त्यांनी दिलेला आकडा खूप गाजला. परदेशी शोभेच्या झाडाला अळी लागत नाही, म्हणून ते छान दिसते आणि पक्ष्याला उपाशी ठेवते. पक्षी तिकडचा असला तरी हिशेब इकडेही तोच. आपल्याकडचा शिंप्याही पिल्लांना किडेच भरवतो.

परसातून ही झाडे गेली ती एका दिवसात नाही आणि कोणाच्या दुष्टाव्यानेही नाही. सोलां बाजारात पाकिटात मिळू लागली, खोकल्याला सिरप आले, गुरे गेली. वंयीच्या जागी सिमेंटची भिंत उभी राहिली, आणि माझ्या मते सगळ्यात मोठे नुकसान तिनेच केले, कारण वंय म्हणजे पांगारा-अडुळशाबरोबर आपोआप उगवणाऱ्या दहा वेलींचे घर होते. बोगनवेल आणि क्रोटन बलकांवच्या, म्हणजे घराच्या पुढच्या पडवीच्या, कुंड्यांत आधीपासून होते, त्यांनी फारसे बिघडवले नाही. पुढे बंगले आणि ‘सेकंड होम’ आले, तसे अख्खे परस लॉन, फॉक्सटेल पाम आणि ड्युरांटा यांनी भरले. परराज्यांतल्या नर्सऱ्यांतून ट्रक भरून येणारी ही झाडे वर्षभर एकसारखी दिसतात, हेच त्यांचे भांडवल.

सरकारी वृक्षारोपणाने यात भर घातली. वनमहोत्सव १९५० मध्ये सुरू झाला, तेव्हापासून झाडे प्रामुख्याने संख्येने मोजली गेली. गोव्यात उघड्या जमिनींवर आणि खाणींच्या डंपांवर ऑस्ट्रेलियन अकेशिया मोठ्या प्रमाणात लावला गेला. तो नापीक मातीतही झपाट्याने वाढतो, ही त्याची लायकी खरी. पण त्याच्याखाली सुक्या पानांचा थर साचतो आणि इथल्या फार थोड्या जिवांना तिथे काही मिळते. १९८४ चा वृक्षसंरक्षण कायदा झाड तोडण्याला आळा घालतो, पण तो झाडांचा कायदा आहे. वंय, वेल आणि तायकिळा यांची दखल तो घेत नाही.

जैवविविधता कायदा २००२ मध्ये आला आणि गोव्याचे राज्य मंडळ २००४ मध्ये स्थापन झाले. पंचायतींच्या पातळीवर लोकजैवविविधता नोंदवह्या करायची पद्धत त्यातूनच आली. फोंडा तालुक्यात पिसगाळला एका खासगी उतारावर फुलपाखरांसाठी स्थानिक झाडे-वेली वाढवलेली बाग उभी आहे. असली बाग किती गोंधळाची दिसते, ते तिथे कळते. आखीव ताटव्यांची सवय झालेल्या डोळ्यांना ती तण काढायची राहून गेलेली जागाच वाटेल.

सत्तरीतल्या बागायतदाराला मात्र ‘घरी वन्यजीवांना बोलवा’ म्हणालात तर तो हसेल. गवे, माकडे आणि रानडुकरे त्याच्याकडे न बोलावता येतात आणि पीक घेऊन जातात. २०१६ मध्ये सरकारी पातळीवर उपद्रवी प्राण्यांच्या यादीची चर्चा झाली, तेव्हा तीत मोराचेही नाव आले होते. फुलपाखरू आणि गवा यांना एकाच ‘वन्यजीव’ शब्दात कोंबणारे लेख त्याच्यापर्यंत पोचत नाहीत, यात त्याचा दोष नाही. देशी झाडांचा आग्रह शहराकडच्या आणि किनाऱ्याकडच्या परसांसाठी आहे. तिथे माकडापेक्षा मधमाशीची वानवा जास्त.

आणखी एक घोटाळा घाणेरीचा. शोभेचे झुडूप म्हणून एकोणिसाव्या शतकात भारतात आलेल्या घाणेरीवर फुलपाखरे घोंघावताना दिसतात, म्हणून लोक तिला चांगली समजतात. मोठी झालेली फुलपाखरे कुठलाही मध पितात. अळीला घाणेरीचा उपयोग नाही. रानमोडी या दुसऱ्या परदेशी तणाचेही तेच. उलट, सड्यावर देशी झाडे लावणेसुद्धा चूक ठरू शकते. जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर पावसात उगवणारी गवते आणि छोटी फुले हाच तिथला देशी संसार आहे. त्यावर सावली धरली तर तो मरतो.

या सगळ्या पडझडीत देशी झाडांची ओळख जिवंत ठेवली ती चवथीने. गणपतीवर बांधायच्या माटोळीला, म्हणजे फळे-फुले टांगायच्या लाकडी चौकटीला, माट्टीची फळे, घागऱ्यो, कवंडळ, कांगलां, कुड्याच्या शेंगा, तोरिंगां, आंबाडे लागतात. कला व संस्कृती संचालनालयाची माटोळी स्पर्धा सुरू झाल्यापासून दुर्मीळ फळे शोधून आणण्याची चढाओढही लागली. काही गावांत रानातली वेल मुळासकट ओढली जाते, ही तक्रार खरी आहे. पण ज्या मुलाला शेजारच्या झाडाचे नाव येत नाही, त्याला कवंडळ ओळखता येते, तेही याच चढाओढीमुळे. विसर्जनानंतर ही फळे सहसा फेकून दिली जातात. त्यांतली पिकलेली निवडून, बी सुकवून पुढच्या मृगाला पिशवीत पेरले, तर नर्सरीत न मिळणारी निम्मी झाडे फुकटात मिळतील. माट्टीसारखे मोठे झाड लहान परसाला झेपणार नाही, ते गावाच्या कडेला द्यावे. घागऱ्यो मात्र कुंडीतही येतात.